बर्फाला न शिवणारे हवालदार

फ्रीज सुरू करण्याआधी हवालदार त्याच्यासमोर उभे राहायचे, टाचा जुळवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "सावधान!" मग स्विच दाबायचे. बंद करताना म्हणायचे, "विश्राम." मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चहाचा कप खाली ठेवून ताठ उभा राहिलो होतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमाला न्हाई सर, ह्याला. तुमी बसा."

मी बसलो. कुणी जरा आवाज चढवून काही म्हणालं की ते आपल्यालाच म्हटलंय असं धरून चालण्याची माझी जुनी सवय आहे. वर्गात मुलं मागून ओरडली तरी मी आधी स्वतःच्या शर्टाची बटणं तपासतो.

सगळं तासगाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचे. "हवालदार. सुभेदार व्हायचं ऱ्हायलं." पुढचा माणूस घाईत असला, त्याच्या सायकलच्या कॅरियरवर शाळेत निघालेली पोर असली, तरी ते हे सांगितल्याशिवाय सोडायचे नाहीत. मिळालेल्या हुद्द्यापेक्षा न मिळालेला हुद्दा इतक्या काळजीने सांभाळणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

फौजेतून निवृत्त होऊन ते तासगावात फ्रीज दुरुस्त करायचे. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. तिथे दुरुस्तीला आलेले फ्रीज भिंतीला पाठ लावून ओळीत उभे असत. फ्रीज आला असं ते म्हणत नसत. "नवा सिक रिपोर्ट आलाय," म्हणत. गिऱ्हाइकाने घाई केली की विचारत, "तुमी आजारी पडला तर दवाखान्यात असंच वरडता का?" नम्रपणा त्यांच्या गावचाच नव्हता. पलूसपासून जतपर्यंत आपल्यासारखा गॅस भरणारा माणूस नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचे. गिऱ्हाईक नसलं तर फ्रीजला सांगायचे.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. फ्रीजचं तोंड पूर्वेला असावं, नाहीतर तो मनापासून गार करत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या खोलीत पूर्वेकडे तोंड केलं की फ्रीजचं दार अर्धंच उघडायचं, पुढे भिंत यायची. मी मराठीचा प्राध्यापक. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध नव्हता आणि वाद घालायची हिंमत त्याहून नव्हती. तासगावात असेपर्यंत मी अर्ध्या दारातून आत जाईल तेवढंच विकत घेतलं. कलिंगड कधी आणलं नाही.

आणि फ्रीज दुरुस्त करणारा हा माणूस बर्फाला शिवत नसे. गार पाणी पीत नसे. त्यांचा पितळी तांब्या दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला असे, त्यातलं कोमट पाणी ते प्यायचे. एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. वाढप्याने आइस्क्रीमची बशी पुढे केली, तर हवालदारांनी तिला सॅल्यूट केला आणि बशी माझ्याकडे सरकवली. फ्रीज दुरुस्त झाला की पहिला बर्फ ते चमच्याने वाजवून बघत. हात लावायची वेळ आली की मालकाला सांगत, "तुमी बघा. घट हाय का?" त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटं कमी होती आणि त्याबद्दल तासगावात बऱ्याच गोष्टी होत्या. कुणाला त्यांनी गोळी सांगितली होती, कुणाला खेचराचा खूर. आमच्या कॉलेजच्या शिपायाला तर बिबट्या सांगितला होता.

त्यांची माझी गाठ पडली ती आईच्या आजारपणात. नव्वदीची सुरुवात होती. मी एका बेदाणा शेडच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. आई मेढ्याहून माझ्याकडे आली होती, कारण तिच्या गालाच्या आत गाठ निघाली होती आणि मिरजेच्या दवाखान्यात विजेचे शेक चालू झाले होते. मी एकटा, तोवर लग्न झालेलं नव्हतं. बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याचा जुना फ्रीज मी तिच्यासाठी घेतला आणि हवालदारांनी तो पूर्वेला तोंड करून लावून दिला. तो घरात आला तेव्हा आईने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आमच्या मेढ्यात थंडी फुकट हाय. हितं कपाटात कोंडून ठेवाय लागती व्हय?"

पण शेकांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. पेज गिळवेना, पाणी झोंबायचं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी केलेल्या बर्फाचा खडा जिभेवर ठेवा, बाहेरचा बर्फ आणू नका. बर्फाचा खडा तोंडात असेपर्यंत आई डोळे मिटून शांत पडायची. तो विरघळला की कण्हणं पुन्हा सुरू व्हायचं. माझ्या हातात तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच होतं. ट्रेमध्ये पाणी भरायचं आणि ते गोठायची वाट बघायची.

आणि ऐन एप्रिलमध्ये फ्रीज गार करेनासा झाला. मोटर चालायची, आतला दिवा लागायचा, बर्फ मात्र होईना.

मी हवालदारांना घेऊन आलो. त्यांनी "विश्राम" म्हणून फ्रीज बंद केला, अर्ध्या दारातून हात घालून खालचा भाजीचा खण ओढला आणि थांबले. खणात पुस्तकं होती.

"ही कोबी का?"

मी सांगितलं की जुन्या पुस्तकांना कसर लागते, आणि काही दिवस गारव्यात ठेवली तर ती मरते असं मी वाचलं आहे.

"कुटं वाचलं?"

"पुस्तकातच."

ते आईकडे बघून म्हणाले, "आक्का, तुमचा ल्योक लय शिकलाय." आई खाटेवर पडून होती. तिला बोलायला त्रास व्हायचा, पण हे सोडणं तिच्या जिवावर आलं. "आता बघा तुमीच," ती म्हणाली, "मला म्हनला तुज्यासाठी फ्रीज घेतलाय."

फ्रीज त्यांनी मागच्या पडवीत ओढला आणि द्राक्षाची एक रिकामी क्रेट उलटी घालून तिच्यावर बसले. ती क्रेट पुढे आमच्याकडे त्यांचीच झाली. मागच्या नळ्यांवरून बोट फिरवत त्यांनी एक जागा दाखवली. तांबं काळं पडून खरबरीत झालं होतं. शेडमध्ये बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, ती दिवसरात्र आमच्या घरात यायची. मी खोकायचो, आई खोकायची, आणि फ्रीजला खोकता येत नव्हतं एवढंच. गंधकाने नळी खाल्ली होती आणि आतला गॅस निघून गेला होता.

मला साबणाचा फेस करायला बसवलं. नळीत हवा भरून सांध्यांवर फेस लावायचा, बुडबुडे येतील तिथे भोक. मी ब्रश घेऊन इतकं मन लावून फेस लावला की नळी, फ्रीजची पाठ आणि माझा पायजमा सगळं पांढरं झालं. शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "सर, रोज आंगुळ घालता व्हय त्येला?" दुसरी म्हणाली, "पाठ चोळा की नीट." हवालदारांनी वर न बघता सांगितलं, "चोळतील. नवीन भरती हाय."

भोक सापडलं, त्यांनी जोत लावून, डाग देऊन ते बुजवलं. आता गॅस भरला की झालं, असं मला वाटलं. इथे हवालदारांचा नियम आडवा आला. जुन्या फ्रीजच्या मोटरीचा त्यांनी पंप केला होता. तो लावून ते नळ्यांतली सगळी हवा ओढून काढत. तेवढ्यावर भागत नसे. मग पंप बंद करून घड्याळासारख्या काट्याकडे बघत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. काटा जागचा हलला नाही तरच गॅस. गावातले बाकीचे मेकॅनिक दुपारी भोक बुजवून संध्याकाळी गॅस भरून मोकळे होत. हवालदार म्हणत, "आत हवा न्हाई, ओल न्हाई, कायबी न्हाई. असं झाल्याबिगर मी भरत न्हाई. मग कलेक्टरचा फ्रीज असूंदे."

मी कॉलेजच्या ग्रंथालयातून प्रशीतनावरचं एक पुस्तक काढून आणलं होतं. ते उघडून मी म्हणालो, "यात इतका वेळ थांबायला सांगितलेलं नाही."

"मग त्याच्याकडनंच भरून घ्या," हवालदार म्हणाले.

पुस्तक मी मिटलं. पंप घरघरत होता. ऊन वाढलं तशी आई जास्त कण्हायला लागली. पडवीतून तिची खाट दिसायची. तिने काही मागितलं नाही. फक्त जीभ बाहेर काढून वाऱ्याला धरली, लहान मुलं पावसात धरतात तशी. हवालदारांनी ते पाहिलं. काट्याकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"भरतो," ते म्हणाले.

मला आनंद झाला. मी नियमाबद्दल एक अक्षर काढलं नाही, उलट सिलिंडर उचलून आणायला धावलो आणि उंबऱ्याला अडखळून तो माझ्याच पायावर पाडला. गॅस भरून झाला, "सावधान" झालं, फ्रीजरच्या कपाळावर पांढरं दंव धरलं. संध्याकाळी आईच्या जिभेवर बर्फ होता. हवालदार तांब्यातलं पाणी पिऊन कुणाला न सांगता निघून गेले. एरवी ते कामाची फुशारकी मारल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज पुन्हा थांबला. मोटर चालू, गारवा नाही. हवालदार आले. स्टीलचा पेला फ्रीजरला टेकवून त्याच्या बुडाला कान लावला. आत गॅस वाहत असला की सूं असा बारीक आवाज येतो, तो येत नव्हता. त्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून बारीक नळीच्या तोंडाशी धरलं. जरा वेळाने सूं सुरू झालं.

ते क्रेटवर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. ती काढलेली मी कधी पाहिली नव्हती. टक्कल होतं.

"आत ओल ऱ्हायली," ते म्हणाले. "तीच गोठून नळीच्या तोंडात बसती. आक्का, माझं चुकलं."

मी म्हणालो, "पण फडकं लावलं की चालू होतंय ना? मग मी लावत बसतो." आणि खरोखर मी बसलो. बर्फ व्हावा म्हणून फ्रीजला गरम फडक्याने शेकणारा माणूस त्या जिल्ह्यात मी एकटाच असेन. कुंपणापलीकडून आवाज आला, "आज गरम पाण्यानं व्हय, सर?" नळी सुटायची, थोडा वेळ गार व्हायचं, पुन्हा तुंबायचं. पाणी काही गोठेना. माझी बोटं तेवढी भाजली.

शेवटी आईने हाताने खूण करून आम्हा दोघांना जवळ बोलावलं. तिला एकेक शब्द जड जात होता. "हवालदार, तुमी तुमच्या रीतीनं करा."

"उद्यापातूर लागंल आक्का."

"लागूंदे. मी थांबते."

"आक्का..."

"थांबते म्हनलं न्हवं?"

हवालदारांनी टोपी घातली. भरलेला सगळा गॅस त्यांनी सोडून दिला. तो फुस्स करून निघून गेला. त्यांनी नवा फिल्टर बसवला, पंप लावला, आणि क्रेट पडवीतून उचलून आईच्या खाटेजवळ आणली. तिथून त्यांना काटाही दिसायचा आणि आईही. मी ओलं फडकं तिच्या ओठांवर ठेवत होतो. त्यांचा तांब्या उन्हात तसाच भरलेला होता. मी पाणी घ्या म्हटलं तर म्हणाले, "आक्का पितील तवा पितो."

त्या दिवशी त्यांनी आईला पायाच्या बोटांची गोष्ट सांगितली. मी शेजारी होतो, पण ती मला सांगितलेली नव्हती. मी ऐकली एवढंच.

"वर बर्फात चौकी होती आक्का. ड्युटीवर जायच्या आधी पाय कोरडं करायचं, मोजं बदलायचं, असा हुकूम. मला उशीर झाला हुता. पुढचा गडी वर थंडीत वाट बघत हुता. म्हनलं, त्येला कशाला ताटकळत ठेवायचं? वल्ल्याच मोज्यावर बूट चढीवला आन पळालो. आत ओल ऱ्हायली." त्यांनी पायाकडे पाहिलं. "गोळी न्हाई न् बिबट्या न्हाई. मोजा वल्ला हुता, बास."

आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला झोप लागली. मग तिने डोळे उघडले.

"किती गेली?"

"दोन."

"म्हंजी आठ बोटावर हवालदार झालासा." तिने दम घेतला. "धा असती तर सुभेदार झाला असता."

हवालदार हसले. एकदा हसू फुटल्यावर त्यांना थांबवेना. ते क्रेटवरून उठून पडवीत गेले, तिथे भिंतीला हात लावून हसले, आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. हसून झाले असतील किंवा दुसऱ्या कशाने. मी त्या वेळी पुस्तक उघडून त्यात बघत होतो. अशा वेळी मी नेहमी कशात तरी बघत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा होता तिथेच होता. हवालदार त्याच्यासमोर वाकले, एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. आई जागी होती. ती थांबली होती.

गॅस त्यांनी थोडा थोडा सोडला. सोडायचा, थांबायचं, पेला लावून ऐकायचं, मागच्या जाळीला हात लावायचा, ती कोमट झाली की मान हलवायची. दंव फ्रीजरच्या एका कोपऱ्यातून निघालं आणि हळूहळू शेवटपर्यंत गेलं. मी म्हणालो, "अजून थोडा?" ते म्हणाले, "जादा भरला तरी गार करत न्हाई. बास म्हंजी बास." नळीचं तोंड चिमटून त्यांनी बंद केलं.

बर्फ झाला तेव्हा दुपार कलली होती. ट्रे वाकवून मी खडे मोकळे केले, एक चमच्यात घेतला आणि आईपाशी नेला. तिने माझा हात बाजूला सारला.

"हवालदार, तुमच्या हातानं द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चमचा हातात धरून मी उभा होतो. शेवटी त्यांनी उजवा तळहात पुढे केला. मी त्यावर खडा ठेवला. त्यांचा जबडा आवळला गेला, पण मूठ उघडीच राहिली. ते चार पावलांचं अंतर त्यांनी असं काही कापलं की मध्ये दरी आहे असं वाटावं. आईने खडा उचलून तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

हवालदार बाहेर गेले. उन्हातला तांब्या दोन्ही हातांत धरून ते किती तरी वेळ उभे होते. मग घटाघटा प्यायले.

आई त्यानंतर पावसाळाभर होती. बर्फ तिला शेवटपर्यंत मिळाला. ती गेली त्या दिवशी हवालदार आले, क्रेटवर बसले आणि लोक गेल्यावर उठले. जाताना फ्रीजला पेला लावून ऐकलं. "चालू हाय," म्हणाले.

पुढे माझी साताऱ्याला बदली झाली. टेम्पोत फ्रीज चढवताना ते ड्रायव्हरवर ओरडत होते, "उभाच न्यायचा, आडवा करायचा न्हाई! माणूस हाय समज!" साताऱ्यातल्या घरात मी त्याचं तोंड पूर्वेला केलं. दार पुन्हा अर्धंच उघडलं.

त्या दशकाच्या शेवटी शेवटी, उन्हाळ्यातच, सकाळी कॉलेजात फोन आला की हवालदार गेले, दुपारनंतर नेणार आहेत. मी घरी आलो. काय न्यावं ते सुचेना. फुलं सगळेच नेतात. फ्रीज त्यांनीच भरलेल्या गॅसवर चालू होता. मी ट्रे काढला, बर्फ स्टीलच्या डब्यात भरला, डब्याला टॉवेल गुंडाळला आणि एसटीत बसलो. आईला त्यांनी आपल्या हाताने बर्फ दिला होता, तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी घालायचं तर ते याच बर्फाचं घालावं, असं माझ्या मनात होतं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला शोकातही अशा कल्पना सुचतात आणि त्या त्याला आवडतात.

कराड गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कुणासाठी बर्फ घेऊन चाललो आहे. जन्मभर बर्फापासून हात राखून असलेल्या माणसाच्या तोंडात, त्याला नाही म्हणता येत नसताना, मी बर्फाचं पाणी घालणार होतो. डबा मांडीवर गारठून बसला होता. शेजारच्या बाईने विचारलं, "भाऊ, औषद हाय का?" मी हो म्हणालो. खोटं बोलल्यावर तो फेकूनही देता येईना.

पुढे गाडीचा टायर फुटला. बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही सगळे उतरून बसलो. ऊन मी म्हणत होतं. दुसरी गाडी येईपर्यंत डब्याचा टॉवेल आधी ओला झाला आणि मग वाळूनही गेला.

मी पोचलो तेव्हा तयारी झाली होती. हवालदारांना अंगणात निजवलं होतं, डोक्यावर टोपी होती. त्यांच्या बायकोने मला ओळखलं. "आवं सर, पानी घाला," म्हणाल्या आणि तांब्याकडे हात केला. मी मानेनेच नको म्हणून डबा उघडला. आत बर्फाचा मागमूस नव्हता. मी बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं, त्यांच्या तांब्यातलं असायचं तसं.

मी ते त्यांच्या ओठांत घातलं आणि उठून मागे झालो. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी माझ्या टाचा जुळल्या होत्या. बाजूला खुर्च्या मांडलेल्या होत्या, लोक बसत होते. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. "तुमाला न्हाई सर, तुमी बसा," असं सांगणारं तिथे कुणी नव्हतं.